ती तिघं बाहेर आली का

यंदा आमच्या बांध्यांतलं धान मशीननं कापलं. सकाळी आलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं उरकून शेजारच्या शेतात गेलंसुद्धा. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून होते. सून म्हणाली, बाई, घरी चला, आता इथी काय हाय. खरंच काही नव्हतं.

मशीननं कापलेल्या बांधीत डिझेलचा वास राहतो. हातानं कापलेल्या धानाचा वास वेगळा. ओल्या काडीचा, थोडा गोड, थोडा कुजका. कापून पसरलेलं धान, म्हणजे कडपा, दोन दिवस बांधीतच पडू द्यायचा. सकाळी त्याच्यावर दव बसायचं आणि पाय ठेवला की तळव्याला गारठा लागायचा. खाली चिखलात आधीच फेकलेली लाखोळीची डाळ उगवून आलेली असायची, तिच्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही बाया बगळ्यासारख्या चालायचो. माझी सासू भागरता मात्र कशीही चालायची. तिचे पाय खाणीत घडले होते, ती खाली बघून चालत नसे.

लोकांना पावसाळ्यात जुनं आठवतं म्हणतात. मला कापणीत आठवतं, आणि कापणीतही रविवारच आठवतो. आमच्या गावात, सावली गावाच्या अलीकडं, तेव्हा एकच टीव्ही होता, तो गुरुजींच्या घरी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. नेमकं साल मला सांगता येत नाही. वीज येऊन थोडी वर्षं झाली होती आणि टीव्ही येऊन एक पावसाळा. बांबूच्या टोकाला अँटेना बांधला होता. वारा सुटला की कोणीतरी जाऊन बांबू फिरवायचं, आणि आतून सगळे एकदम ओरडायचे, राहू दे, राहू दे, गेलं, मागं घे.

त्या कापणीच्या दिवसांत रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. एक म्हातारा प्रोफेसर, त्याची पुतणी आणि वाट दाखवणारा एक पहाडी माणूस, अशी तिघं एका डोंगराच्या भोकातून जमिनीच्या पोटात उतरतात. दर रविवारी आणखी खोल. गुरुजी म्हणाले, ही परदेशातल्या शंभर वर्षांहून जुन्या कादंबरीवरून केली आहे, मी मराठीत वाचली आहे. गुरुजींनी वाचली म्हटल्यावर आम्ही नीट बसलो.

आधी ती आमच्यासाठी गंमतच होती. कारण गावात जमिनीच्या पोटात जाऊन आलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी सासू. गोऱ्यांच्या मोठ्या लढाईच्या काळात कोळसा फार लागायचा, म्हणून चांद्याकडच्या, आताच्या चंद्रपूरकडच्या, खाणींत बायांनाही खाली घेत. सासू आणि सासरे, दसरू त्यांचं नाव, दोघं तिथं कामाला होते. ते कोळसा फोडायचे, ही टोपल्यात भरून डोक्यावरून वाहायची. त्या खाणीत आग लागली आणि सासरे आतच राहिले. तेव्हा माझे मालक सोमाजी पोटात होते. सासू गावी आली, पोरगा वाढवला, शेती केली. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. मलाही एवढंच.

तर गुरुजींनी तिला पुढं खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीवरून उतरून खाली बसली, पण बोलणं थांबलं नाही. ती तिघं भुयारात शिरली की म्हणायची, या बुढ्यानं छत ठोकून नाई पाह्यलं. काठीनं ठोकावं लागते, खणखण वाजलं तं चांगलं, बोदं वाजलं तं पळा. प्रोफेसरच्या अंगात कोट बघून म्हणाली, आमी लुगडं पिळून पिळून काम करत होतो, हा वरातीले चालला काय? पोरीनं उंदीर बघून किंकाळी मारली तेव्हा ती चिडली. खाली उंदीर दिसला की जीव थंड होतो म्हणाली. उंदीर हायेत तवरी हवा हाय. आमी आपल्या भाकरीतला तुकडा टाकत होतो त्यायले.

माणसं मालिकेपेक्षा तिलाच जास्त ऐकायची. मागच्या आळीची कौसल्या तिला चिडवायची, भागरताबाई, तुमाले घेतलं असतं या सिनिमात तं त्या बुढ्याचं काम सोपं झालं असतं. सासू म्हणायची, मले नाई जमत तसं. सत्तर कोस खाली गेले तरी या पोरीची वेणी सुटत नाई.

कापणीत इतकं हसलेलं मला दुसरं आठवत नाही. दवाचे पाय घेऊन यायचो, गुरुजींच्या ओट्यावर पुसायचो, अर्धा तास बसायचो, आणि पुन्हा विळे उचलून बांधीत. दुपारभर कडपा टाकताना तेच बोलणं. आता टीव्ही प्रत्येक खोलीत आहे आणि कोणी कोणासोबत बसत नाही. याचं मला फारसं दुःख नाही. ओटा पुसायचं काम माझंच असायचं.

पाचव्या की सहाव्या रविवारी त्या तिघांना जमिनीखाली समुद्र सापडला. सासू म्हणाली, हे खोटं, खाली पाणी असते पण थे छतातून गळते. त्यावर गुरुजींनी समजावलं. शिकवायची सवय त्यांची, गप्प बसवत नसे. म्हणाले, लेखकानं असं दाखवलं आहे की पृथ्वीच्या आत वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत. एका डोंगराच्या तोंडातून आत गेलं, तर शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या डोंगराच्या तोंडातून बाहेर निघता येतं.

सासूनं विचारलं, थे पुस्तकात हाय?

हो, पुस्तकातच आहे, गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी ती बांधीत बोलली नाही. मला वाटलं, दमली. दुसऱ्या दिवशी भाकर तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी रस्त्यानं जाणारी एक बैलगाडी थांबवून तिनं गाडीवाल्याला विचारलं, तू कुठचा गा? तो सिरोंचाकडचा होता. तिकडं डोंगरात भोकं हायेत का, तिनं विचारलं. तो माणूस माझ्याकडं बघू लागला. मी म्हटलं, जा भाऊ तुम्ही.

मी सरळ विचारणारी बाई आहे. दुपारी झाडाखाली भाकरीचं फडकं सोडलं आणि म्हटलं, बाई, काय झालं ते सांगा, नाहीतर जेवा. तिनं सांगितलं. चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या दुपारी, कांदा फोडता फोडता सांगितलं.

त्या वर्षी धान पिवळं झालं तरी सासरे खाणीतून गावी यायला तयार नव्हते. ती म्हणत होती, कापणीला चला. ते म्हणत होते, हे काम सोडलं तर पुन्हा घेणार नाहीत. आग लागली त्या सकाळी यावरूनच भांडण झालं. ती त्या दिवशी खाली गेली नाही. रागानं खोपटात बसून राहिली. ते निघाले तेव्हा तिनं मागून सांगितलं, जाय मंग, तिकडंच राह्य, माह्याकडं वापस येऊ नको.

तीन दिवस खाणीतून धूर येत होता. आत पाचसहा माणसं होती. चौथ्या दिवशी, आगीला हवा मिळू नये म्हणून, साहेबांनी तोंड विटांनी बंद केलं. गवंडी विटा लावत होते आणि ही तिथं उभी होती. भिंत पुरी झाल्यावर तिनं तिला हात लावून पाहिला. ऊन लागल्यासारखी भिंत तापलेली होती. लोकांनी तिला तिथून आणलं, कुंकू पुसलं, आणि ती गावी आली.

एवढी वर्षं ती एक धरून जगली होती, की माणूस मेला. मेलेल्या माणसाशी भांडण राहत नाही. आणि आता गुरुजींच्या पुस्तकात निघालं होतं की आत गेलेला दुसरीकडून बाहेर येऊ शकतो.

"तो निंगला असन तं?" ती म्हणाली. "निंगला असन, आन घरी नाई आला. मीच म्हटलं होतं ना, येऊ नको."

मी म्हटलं, बाई, ते पुठ्ठ्याचे डोंगर आहेत.

"टीव्ही पुठ्ठ्याचा असन. पुस्तकात खोटं काऊन लिहतीन?"

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या शाळेत पुस्तकाला पाय लागला तर पुस्तक डोक्याला लावायचो. सासू तर शाळेच्या आतही गेली नव्हती. तिच्यासाठी पुस्तक म्हणजे तलाठ्याकडचा सातबारा, त्यात लिहिलं ते झालं.

मी संध्याकाळच्या आधी गुरुजींकडं गेले आणि शेवट काय आहे ते विचारलं. ते खुशीत म्हणाले, अहो, गंमत तर शेवटीच आहे, तिघंही सुखरूप बाहेर येतात, भलत्याच देशात. मी म्हटलं, हे खरं होऊ शकतं का. ते म्हणाले, छे, ती कल्पना आहे, आत तर आग आहे, कोणी जगणार नाही. मी म्हटलं, मग हे तुम्ही म्हातारीला सांगा. ते आले, सांगून गेले. सासूनं पदर सावरून ऐकून घेतलं. ते गेल्यावर म्हणाली, मास्तर माणूस चांगला हाय, मले बरं वाटावं म्हून बोलून राह्यला.

शेवटचा रविवार येईपर्यंत ती वाळून अर्धी झाली. विळा हातात धरायची, पण कापायची नाही. कधी म्हणायची, तेलंगणाकडं गेला असन, दुसरी केली असन, लेकरं असतीन. कधी म्हणायची, सोमा पोटात होता हे त्याले ठाऊक होतं, लेकरासाठी तरी आला असता. मग लगेच, नाई, राग लय होता त्याचा. मी ऐकायचे आणि कापायचे. धान वाट बघत नाही. जास्त वाळलं की लोंबी झडते. तिच्या दुःखाला मी किती वेळ दिला असं कोणी विचारलं तर, कडपा टाकून वाकलेली कमर सरळ करेपर्यंत, एवढाच.

आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ जास्त आहे. आता कळतं, ती नवरा जिवंत असण्याची आशा करत नव्हती. तिला तो मेलेलाच हवा होता. आपल्या माणसाचं मरण मागायचं, आणि ते मागतोय हे स्वतःलाही कळू द्यायचं नाही, असं ते होतं. असल्या गोष्टी मला तेव्हा समजत नव्हत्या. मला एवढंच दिसत होतं की ही बाई कापणी संपेपर्यंत टिकत नाही.

त्या रविवारी सकाळी ती विळा घेऊन निघाली. मी म्हटलं, बाई, गुरुजींकडं नाही चलायचं? ती म्हणाली, तू जाय. माह्यानं नाई पाह्यवत. तू पाह्यून येजो आन ती तिघं बाहीर आली का नाई, थे मले सांगजो. दुसरं कोणी सांगन तं मी नाई मानणार. तू खोटं बोलत नाईस.

हे खरं होतं. मी गोड बोलत नसे म्हणून लोक मला टाळायचे, आणि खरं काय ते जाणायचं असलं की माझ्याकडंच यायचे. मुलगी दाखवायला आणली तर तिच्या पायाचं व्यंगही मी सांगून टाकायचे.

गुरुजींचा ओटा त्या दिवशी भरला होता. पुरुषांमध्ये पुढं सोमाजी बसले होते. सोमाजी कमी बोलणारे. ती मालिका चालू होती तेवढे दिवस मी त्यांना काही विचारलं नव्हतं, त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर मुंग्या येत होत्या, दोनदा बांबू फिरवावा लागला. आणि मग ती तिघं बाहेर आली. डोंगराच्या तोंडातून धुरासोबत वर फेकली गेली, गवतावर पडली, वर ऊन होतं. प्रोफेसर हसत होता, पोरगी त्याच्या गळ्यात पडली. ओट्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मलाही बरं वाटलं, हे सांगते.

घर ते बांधी अर्धा कोस. मी काही ठरवत चालले नव्हते. ठरवलं असतं तर बोलता आलं नसतं. माझ्या मागून कौसल्या आणि दोघी बाया येत होत्या, त्यांच्या मागून पुरुष. दव अजून वाळलं नव्हतं. सासू बांधीच्या मधोमध वाकलेली दिसली. मी धुरा चढले तशी ती उभी राहिली. तिनं विळा खाली टाकला नाही.

"आली का बाहीर?"

"नाही," मी म्हटलं.

"तिघंही?"

"तिघंही आतच राहिली. दुसरं तोंड नव्हतंच. पुष्कळ शोधलं, नव्हतं."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मागच्या बाया धुऱ्यावर थांबल्या होत्या. कौसल्या, जी आयुष्यात कधी गप्प बसली नव्हती, ती गप्प उभी होती.

सासू पुन्हा वाकली आणि कापू लागली. बांधीच्या टोकापर्यंत कापत गेली, चांगली, एकसारखी. टोकाला पोचल्यावर खाली बसली आणि रडली. सोमाजी झाले तेव्हाही ती रडली नव्हती असं जुन्या बाया सांगायच्या. मी तिच्यापाशी गेले. ती म्हणाली, "तोंड असतं तं तो आला असता वं. भांडला असता, पण आला असता."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

खोटं बोलणं सोपं होतं. ते राखणं माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. मालिका सगळ्या गावानं पाहिली होती. मी बायांना धुऱ्यावरच सांगितलं, आणि मग घरोघर गेले. कोणी का म्हणून विचारलं नाही. फक्त गुरुजी अडले. म्हणाले, मी मुलांना खोटं बोलायला कसं सांगू. मी म्हटलं, बोलायला सांगू नका, गप्प राहायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं की भागरताबाईंसमोर त्या मालिकेचं नाव काढायचं नाही. आणि पोरांनी काढलं नाही. ज्या गावात कोणाच्या घरी भाजीला काय फोडणी पडली ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं, त्या गावानं ही एक गोष्ट तीन वर्षं पोटात ठेवली.

तीन वर्षं, कारण सासू तेवढीच जगली. एका उन्हाळ्यात, मोहफुलांच्या दिवसांत, ताप येऊन गेली. झोपेत गेली. मी रडले नाही. तिच्यासाठी जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं आहे, असं मला वाटत होतं, आणि त्याचा थोडा ताठाही होता.

तिचं सगळं आटोपल्यावर मी आणि सोमाजी धुरा बांधायला शेतात गेलो. ते माती टाकत होते, मी दाबत होते. आईला तेही बाईच म्हणायचे; टाकता टाकता म्हणाले, त्या दिवशी तू बाईले बरं सांगतलंस.

मी म्हटलं, तुम्ही ऐकलं होतं?

"मी मागंच होतो. मालिकाबी पाह्यली होती. ती बाहीर आली तवा मले रडू आलं. कोणाले दिसू नये म्हून खाली पाह्यलं."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणापासून चांद्याची गाडी आली की ते फाट्यावर जाऊन उभे राहायचे. मोठे झाले, लग्न झालं, तरी मूल गावच्या बाजारात एखादा म्हातारा माणूस दिसला की पुढं जाऊन पुन्हा मागं वळून बघायचे. आपलं नाक कसं आहे, त्याचं कसं आहे. आईनं कुंकू पुसलं होतं, म्हणून तिला कधी विचारलं नाही. त्या रविवारी ती तिघं उन्हात पडलेली बघून त्यांना वाटलं, येतो माणूस, येऊ शकतो. तसेच ते बांधीवर आले आणि मी काय सांगत होते ते त्यांनी ऐकलं.

मी म्हटलं, पण तुम्हाला तर ठाऊक होतं मी खोटं बोलतेय.

"होतं ना. पण बाई रडली, तवा मले वाटलं, हेच खरं हाय. मंग पाह्यणं सोडलं."

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं मला?

"तू विचारलं नाई," ते म्हणाले आणि फावडं उचललं.

सोमाजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्यासोबत एका ताटात जेवले, तीन लेकरं वाढवली, दर वर्षी एका बांधीत कापणी केली. ते बिनबापाचे वाढले हे मला लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. ते बापाची वाट बघत होते हे मला कळलं, तेव्हा त्यांनी ती बघणं सोडून तीन वर्षं झाली होती.